पिंगळीकर आणि इतर

डॉ. पिंगळीकर कुणाच्याही घरी गेले की टेकण्याआधी पाणी मागायचे, आणि दिलेलं पाणी प्यायचे नाहीत.

तांब्या हातात आला की ते परत दारात यायचे. पिशवीतला स्वतःचा काचेचा पेला काढायचे, त्यात पाणी ओतून उन्हाकडं धरायचे आणि एक डोळा मिटून बघत राहायचे. कधी "हं" म्हणायचे, कधी "अरेरे". मग पिशवीतून बाटली निघायची. पाणी बाटलीत, बाटलीला चिठ्ठी, चिठ्ठीवर घरधन्याचं नाव. एवढं झालं की "उपकार झाले" म्हणून निवांत बसायचे आणि चहा आला तर आनंदानं प्यायचे. घरची माणसं मात्र एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहायची. आपल्याकडं एखादा माणूस घरातलं पाणी पीत नाही म्हणजे लोक त्याचा काय अर्थ काढतात, हे मी वेगळं सांगायला नको.

एकदा गावच्या पाटलांच्या मुलीची सुपारी फुटायची होती. पोखर्णीहून पाहुणे आलेले. मुलाच्या वडलांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावायला आणि आमचे डॉक्टर दारात यायला एकच गाठ पडली.

"थांबा! पिऊ नका!" डॉक्टर ओरडले. "हलतंय!"

पाहुण्यांच्या हातातला तांब्या खाली पडला. त्यांना वाटलं, पाण्यात काहीतरी कालवलंय.

"हलतंय म्हंजी? काय हलतंय?" पाटलांनी विचारलं.

"जीव. कालच नेलेल्या बाटलीत बघितलाय, जिवंत आहे. आज प्यालात तर पुढल्या साली याच दिवसांत पायातून बाहेर निघेल."

मग डॉक्टरांनी स्वतः पुढं होऊन, नवऱ्या मुलीसाठी ताटात ठेवलेला कोरा खण उचलला, तो चार पदरी घडी करून घागरीच्या तोंडावर धरला आणि त्यातून पाणी गाळून सगळ्या पाहुण्यांना दिलं. सोयरीक टिकली, हे पोखर्णीकरांचं मोठेपण. पण पाटलीणबाईंनी त्यानंतर वर्षभर डॉक्टरांकडून औषध घेतलं नाही.

मी त्या आरोग्य केंद्रात कारकून होतो. आडनाव मुळे. गाव राणीसावरगावच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात आणि ते मला मोडायचं नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन गावोगाव पेटलं होतं, त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा डॉक्टर आमच्याकडं बदलून आले. एक ट्रंक, एक मायक्रोस्कोप, एक स्टोव्ह. बायको नाही, पोर नाही. लग्नाचं विचारलं की म्हणायचे, "राहून गेलं," जशी एखादी छत्री एसटीत राहून जावी.

त्यांचा एक शब्द होता, 'आधार'. कुणी काहीही सांगितलं की चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "आधार?" म्हणजे पुरावा काय, कशावरून. चपराशानं सांगितलं की साहेब, औषधांची गाडी उद्या येतेय, की "आधार?" म्हातारी म्हणाली की डाक्टर, रातभर पोट दुखायलंय, की "आधार?" म्हातारी बिचारी घाबरून म्हणायची, "न्हाई बाबा, आधार कोन हाय मला, ल्योक पुन्याला हाय." मग डॉक्टर ओशाळायचे आणि दोन पुड्या जास्तीच्या द्यायचे.

त्यांना वेड लागलं होतं ते नारूचं. आता नव्या पिढीला नारू म्हटलं की काही कळत नाही, आणि ते चांगलंच आहे. आमच्या लहानपणी उन्हाळा लागला की गावात दर दोन घरांआड कुणीतरी पाय पसरून बसलेलं असायचं. पायावर फोड यायचा, फोड फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखी पांढरी अळी डोकं काढायची. ती ओढायची नाही, तुटली तर पाय सडतो. रोज बोटभर काडीला गुंडाळायची. महिना महिना माणूस जागेवर. हे सगळं पिण्याच्या पाण्यातून होतं. गावात पायऱ्यांची विहीर. लोक पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात जायचे आणि घागर बुडवायचे. नारूवाल्याचा पाय पाण्यात गेला की नारूची पिल्लं पाण्यात, पिल्लं एका बारीक जीवाच्या पोटात, आणि तो जीव घागरीतून आपल्या पोटात. डॉक्टर पेल्यात बघायचे तो हा जीव.

हे पुस्तकात होतंच. डॉक्टरांना हवं होतं ते पुस्तकात नसलेलं. कुठल्या घरात नारू येतो, कुठल्या येत नाही, आणि का? त्यासाठी त्यांनी घर न् घर पालथं घातलं. पण बायका त्यांना काही सांगेनात. पुरुष डॉक्टर, त्यातून पाणी न पिणारा. नारू झालेली सून सासू आतल्या खोलीत ठेवायची आणि दारात येऊन म्हणायची, "आमच्यात कुणाला बी न्हाई."

ही कोंडी फोडली गयाबाईनं.

गयाबाई खिल्लारे ही गावची दाई. बौद्ध वस्तीत राहायची. वय पन्नाशीच्या पुढं, कपाळावर गोंदण, आवाज असा की बाळंतिणीनं कळा विसरून तिचं ऐकावं. गावातली दोन पिढ्यांची पोरं तिच्या हातावर झालेली, पाटलांची धरून. बाळंतपणाला मागच्या दारानं आत घ्यायचे, बारावा दिवस झाला की तीच बाई पुढच्या दारात उभी राहिलेली चालायची नाही. आणि पायऱ्यांच्या विहिरीवर तर तिच्या वस्तीतलं कुणीच जाऊ शकत नव्हतं. नामांतराच्या जाळपोळीनंतर तो विषय काढायचीही कुणाची हिंमत नव्हती.

डॉक्टर बाटल्या घेऊन तिच्या वस्तीत गेले त्या दिवशी मी सोबत होतो. सोबत म्हणजे वस्तीच्या तोंडाशी, गयाबाईच्या घरासमोरच्या लिंबाखाली उभा. आज हे लिहिताना लाज वाटते, पण होतो तसा होतो.

डॉक्टरांनी पाणी मागितलं. गयाबाईनं दिलं. डॉक्टरांनी पेला उन्हाकडं धरला.

"काय बघायलाव त्यात?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी भिंग काढलं, पुन्हा बघितलं.

"भरा, भरा बाटलीत," ती म्हणाली. "आमचं पानी समदे बाटलीतच भरत्याल. पोटात कोन घिईल?"

डॉक्टरांनी भिंग खिशात ठेवलं आणि पेला तोंडाला लावून एका दमात रिकामा केला. न गाळता. मग म्हणाले, "आणखी द्या."

तिच्या तोंडावरचा तो भाव मला लिंबाखालूनही दिसला.

डॉक्टरांचं कारण अगदी कोरडं होतं. पाण्यात काही हलत नव्हतं. वस्तीचं पाणी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं, वाळूतून गाळून येणारं. पण त्या दिवसापासून गावात बोलणं झालं की, डॉक्टर पाटलाच्या घरचं पाणी गाळून पितो आणि गयीच्या घरचं तसंच. पाटलांनी मला बोलावून विचारलं, "मुळे, ह्यो मानूस कोन हाय नक्की?" मी म्हटलं, "एमबीबीएस आहेत." त्यांना ते विचारायचं नव्हतं, हे मलाही कळत होतं.

त्यानंतर गयाबाई केंद्रात येऊन बसायला लागली. डॉक्टर तिला खुर्ची द्यायचे, ती जमिनीवर बसायची. मग डॉक्टरही जमिनीवर बसायचे. दोघं एकमेकांसमोर मांडी घालून, मध्ये वही.

"नारू उंबरा बघून येतो, डाक्टर," ती म्हणाली होती. "गावात जातो, आमच्यात येत न्हाई."

"आधार?"

"आधार म्हंजी? मीच की. मी काय खोटं बोलायलेय व्हय?"

आणि मग ती सांगत सुटली. कुठल्या सुनेला कितव्या बाळंतपणात नारू निघाला, कुठल्या म्हाताऱ्याचा पाय कुठल्या उन्हाळ्यात गेला, कोण लेक माहेरी आल्यावर आजारी पडली आणि सासरी का नाही पडली. साल तिला माहीत नसायचं. "रखमीचं जुळं झालं त्या वर्षी" असा तिचा हिशोब. डॉक्टर जन्माच्या नोंदींशी ताडून पाहायचे आणि ते साल बरोबर निघायचं. दर वेळी निघायचं. ज्या विहिरीवरून वस्तीला हाकललं जातं, त्या हाकलण्यानंच वस्तीला वाचवलं, हे त्या वह्यांतून हळूहळू वर आलं. ते प्रथम तीच बोलली. मोठ्यानं हसली आणि म्हणाली, "बघा की! त्येंनी आमाला आडीवलं, आन नारूनं त्येंला धरलं." मग हसणं थांबवून म्हणाली, "पर पोरं त्येंची बी माज्याच हातची हायत. ती इहीर बंद करा, डाक्टर."

पायऱ्या बंद करायला दोन वर्षं लागली. कठडा बांधून दोरानं पाणी शेंदायचं, एवढंच. पण गावाचा प्रश्न असा की, ही अक्कल आली कुठून? सरपंच डॉक्टरांना म्हणाले, "हुकूम सरकारचा हाय म्हना, करतो. गयीनं सांगितलं म्हना, तर न्हाई करत." डॉक्टरांनी सरकारचं नाव सांगितलं. ते आयुष्यात एकदाच खोटं बोलले असतील.

मग त्यांनी निबंध लिहिला, आणि तो टाइप करायला माझ्याकडं आला.

इंग्रजी टायपिंगमध्ये माझा हात चालायचा, डोकं नाही. पण पहिल्याच पानावर हात थांबला. निबंधाच्या नावाखाली तीन नावं होती. पहिलं पिंगळीकर. तिसरं शेख, म्हणजे आमचे प्रयोगशाळेतले शेखभाई, जे डोळे जाईस्तोवर ते जीव मोजत बसले. आणि मधलं नाव, खिल्लारे.

"साहेब," मी म्हटलं, "हे चुकून आलंय."

"कुठलं?"

"गयाचं नाव."

"गयाबाईंचं," ते म्हणाले. "चुकून नाही."

"पण तिला सही येत नाही. शेवटी आभारात टाकू की."

डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. "मुळे, आभार एसटीच्या कंडक्टरचे मानतात. पिशवी वर ठेवली म्हणून. ज्यांनी काम केलं त्यांचं नाव वर लागतं. टाइप करा."

मी टाइप केलं. पण खरं सांगतो, त्या ओळीवर बोटं जड झाली. त्या वर्षांत आमच्याकडं नाव या शब्दाचीच धास्ती होती. एका नावावरून घरं जळलेली आम्ही पाहिली होती, आणि हा माणूस मला सांगत होता, हे नाव वर लाव.

सरकारी नोकरानं काही छापायचं तर परवानगी लागते. कागद जिल्ह्याला गेला. तिथल्या एका साहेबांनी डॉक्टरांना आणि मला बोलावून घेतलं. साहेब वाईट नव्हते, चहा पाजला. म्हणाले, "पिंगळीकर, उत्तम काम. दोनच दुरुस्त्या. एक, ही दाई काढा, हसतील लोक. आणि दुसरं, तुम्ही लिहिलंय की, वस्तीतल्या लोकांना विहिरीवर येऊ दिलं जात नाही. 'येऊ दिलं जात नाही' कशाला? 'येत नाहीत' लिहा. काय फरक पडतो?"

"फरक पडतो," डॉक्टर म्हणाले. "येत नाहीत लिहिलं तर ती त्यांची आवड झाली. मग नारू का नाही, याचं कारणच खोटं ठरतं. कारण खोटं तर निबंध खोटा."

"दिवस कसले आहेत, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. तारीख घालू का त्यात?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. परवानगी आली नाही. डॉक्टरांनी तीन महिने वाट बघितली आणि निबंध दक्षिणेतल्या एका वैद्यकीय मासिकाला पाठवून दिला. मासिकानं तो छापला, एकही शब्द न बदलता. आणि महिन्याभरात जिल्ह्याकडून कारणे दाखवा नोटीसही आली. डॉक्टर म्हणाले, "बघा, पहिला वाचक जिल्ह्यातच मिळाला."

अंक आला त्या दिवशी डॉक्टर वस्तीत गेले. मी या वेळी लिंबाखाली थांबलो नाही, दारापर्यंत गेलो. त्यांनी पान उघडून तिला तिचं नाव दाखवलं.

"हे तुमचं."

तिनं पान हातात घेऊन न्याहाळलं. "काय लिव्हलंय?"

"जी खिल्लारे."

"जी म्हंजी?"

"गया."

"मंग गया लिव्हा की. जी तर कुनाला बी म्हनत्यात. जी सरकार." पण तिनं पान परत दिलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "रेशनकार्डावर धन्याचं नाव हाय. घरावर सासऱ्याचं. मतदार यादीत बी माजं चुकलेलं, गंगाबाई केलंय. ह्ये पयलंच बरूबर हाय म्हनायचं."

आता खरा पिंगळीकर सुरू होतो. कारण निबंध छापून आला, की त्यांना दुसरं वेड लागलं. दाखल्याचं.

त्याचं असं आहे की, संशोधकाचं काम कुणाच्या तरी पुढच्या निबंधात उल्लेखलं गेलं, म्हणजे त्याचा दाखला कुणी घेतला, तर ते जिवंत. नाही तर कपाटात. हे त्यांनी मला समजावलं. त्यामुळं ते दाखल्याची वाट बघायला लागले. केंद्रात रोज कुणी ना कुणी जन्माचा दाखला मागायला यायचं. "डाक्टरसाहेब, दाखला पायजे हो." आणि डॉक्टर उसासा टाकून म्हणायचे, "मलाच मिळेना हो, तुम्हाला कुठून देऊ?" लोकांना वाटायचं, बिचाऱ्याच्या जन्माचीच नोंद नाही.

दाखला आला नाही, पण पोस्टकार्डं आली. त्या काळी परदेशातले शास्त्रज्ञ छापील कार्ड पाठवायचे, की अमुक निबंधाची प्रत कृपया पाठवावी. पोलंडहून एक आलं, एक नायजेरियाहून. पोस्टमन ती सायकलवरून ओरडत आणायचा, "डाक्टर, पाव्हण्याचं पत्र!" डॉक्टर तिकीट बघायचे, कार्ड दोन-दोनदा वाचायचे आणि त्याच दिवशी प्रत पाठवायचे. प्रती संपल्या तेव्हा मी अख्खा निबंध पुन्हा टाइप केला. तीनदा. त्यामुळं तो मला तोंडपाठ झाला, आणि हळूहळू समजलाही. मधल्या नावावर बोटं कधी हलकी झाली, ते मात्र मला कळलं नाही.

नोटिशीचा निकाल असा लागला की, डॉक्टरांना परभणीला औषधांच्या गोदामावर नेमलं. रोगी नाही, पाणी नाही, खोकी. जाताना त्यांनी तक्रार केली नाही. फक्त एवढंच म्हणाले, "मुळे, निबंधावर पत्ता इथला छापलाय. तो आता बदलत नाही. टपाल येईल ते..."

"मी आणून देत जाईन," मी म्हटलं.

आणि देत राहिलो. महिन्या-दोन महिन्यांनी काही कामानं परभणीला जाणं व्हायचंच. ते एका खोलीत राहायचे, गोदामाच्या मागं. एका रविवारी त्यांच्यासोबत मी औरंगाबादच्या वैद्यकीय ग्रंथालयातही गेलो. ते दर महिन्याला रेल्वेनं जायचे. तिथं ते मासिक उघडायचे ते मागच्या बाजूनं. प्रत्येक लेखाच्या शेवटी जी संदर्भांची यादी असते, तेवढीच बोट फिरवत वाचायची, मग आधीचा लेख, मग त्याच्या आधीचा. तिथल्या ग्रंथपालांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचे डॉक्टर उर्दू शाळेतले का? सगळं उजवीकडून वाचतात."

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात औरंगाबादहून परत आलेले डॉक्टर थेट एसटी धरून आमच्या केंद्रात आले. सदरा भिजलेला. हातात एका पानाची छायाप्रत.

"मिळाला," म्हणाले.

परदेशातल्या मोठ्या मासिकात, नारूवरच्या लेखात, आमच्या निबंधाचा दाखला होता. मी यादीत शोधलं, सापडेना. त्यांनी बोट ठेवलं. 'इंग्लीकर पी., आणि इतर.'

"हे कोण?"

"मी," डॉक्टर म्हणाले. "पहिलं अक्षर फुटून मागं गेलं. ते जाऊ द्या. इंग्लीकर तर इंग्लीकर. पण हे बघा." त्यांचा आवाज रागानं चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "आणि इतर! मुळे, तीन तर नावं होती. तीन! मला इंग्लीकर करा, टिंग्लीकर करा. तिला इतर का केलं?"

तिला 'आभारात टाका' म्हणणारा मीच होतो.

त्याच संध्याकाळी त्यांनी त्या लेखकाला पत्र सांगितलं आणि मी टाइप केलं. ते तक्रारीचं नव्हतं. त्यात गयाबाईनं काय काय सांगितलं, ते होतं. रखमीच्या जुळ्याचं वर्ष होतं. विहीर होती. शेवटी एक विनंती होती, की जमल्यास पूर्ण नावं छापावीत. खाली सही करताना ते थबकले आणि त्यांनी स्वतःच्या नावाची दुरुस्ती सुचवलीच नाही. मी ती कंसात घातली. त्यांना न विचारता.

उत्तर यायला दोन वर्षांवर काळ गेला. आम्ही आशा सोडली होती. मग नामांतर झालं त्या हिवाळ्यात केंद्रात एक जाड लिफाफा आला. आत मासिकाचा अंक, खूण घातलेलं पान, आणि पानाच्या तळाशी चार ओळींची दुरुस्ती. पिंगळीकर, खिल्लारे, शेख. सोबत त्या लेखकाची चिठ्ठी, की गयाबाईंना माझा नमस्कार सांगावा.

डॉक्टर परभणीला. त्यांच्याकडं जाणारी एसटी दुसऱ्या दिवशी. मी आधी वस्तीत गेलो. तिथं सगळीकडं निळे झेंडे लागले होते, पोरं गुलाल खेळून दमली होती. गयाबाई बाजेवर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, आवाज तेवढा तोच. मी आत गेलो. घरात. तिच्या शेजारी बाजेवर बसलो आणि वाचून दाखवलं.

"कुठल्या गावात छापलंय ह्ये?"

"लय लांब. समुद्रापल्याड."

"तितं नारू हाय?"

"नाही."

"मंग त्येंला कामून पायजे माजं नाव?" ती हसली. मग तिनं माझा हात चाचपडत धरला. "आपल्या इद्यापीठाला नाव लागायला किती वर्सं लागली, मास्तर. मला त्या मानानं बेगीच लागलं म्हना." मी मास्तर नाही, पण तिनं म्हटलं म्हणून मी ते खोडलं नाही. "डाक्टर कसे हायत?"

"बरे आहेत. निवृत्त व्हायला आले."

"त्येंला रांधून कोन घालतंय?"

"स्वतःच करतात."

"एकलेच खात्यात?"

"हो."

तिनं माझा हात सोडला. मग म्हणाली, "हितं होते तवा आयतवारी माज्याकडं यायचे. वही घिऊन. वहीचं काम संपलं तरी यायचे. भाकर खायाचे आन जायाचे. काय बी बोलायचे न्हाईत." मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं रविवारी ते नमुने गोळा करायला जातात, अशीच माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी मी परभणीला गेलो. डॉक्टर खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी दुरुस्ती वाचली. घाई केली नाही, एकेक नाव वाचलं. पान मिटून मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता काही म्हणतील, इतक्या वर्षांचं.

"गयाबाईंना दाखवलं?"

"वाचून दाखवलं."

"काय म्हणाल्या?"

मी सांगितलं. समुद्रापल्याडचं, विद्यापीठाचं, सगळं. ते हसले. आणि मग मी म्हटलं, "आणि विचारत होत्या, तुम्हाला रांधून कोण घालतंय. एकटेच खाता का म्हणून."

डॉक्टर उठले. कोपऱ्यात जाऊन धुतलेलंच पातेलं पुन्हा धुवायला लागले. पाठ माझ्याकडं.

"मुळे," ते पाठमोरेच म्हणाले, "तुमची एसटी किती वाजता?"

"तीनला."

"मग जेवून जा."

बारा-तेरा वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला पहिल्यांदाच जेवायला थांबवलं होतं. त्यांनी स्टोव्ह पेटवला. तांदळाचा डबा उघडला, आत हात घातला आणि तसेच थांबले.

"दोघांना किती घेतात हो?"

"माणशी दीड मूठ," मी म्हटलं. "आणि एक वरची."

"वरची कुणाची?"

"कुणी आलंच तर."

त्यांनी मोजून तीन मुठी पातेल्यात टाकल्या. मग दाराकडं बघितलं. दार उघडंच होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. ते क्षणभर तसेच उभे राहिले, आणि मग त्यांनी आणखी एक मूठ घेतली आणि हळूच आत सोडली.